जू, जोत आणि जोडी

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जोडलेल्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. सांधा आहे, गाठ आहे, मेळ आहे, संगम आहे, जोड आहे, जुळणी आहे. आज मला यातल्या एकाच घराण्याबद्दल बोलायचं आहे. ते घराणं फार जुनं आहे, फार लांबवर पसरलेलं आहे, आणि त्याचा मूळपुरुष आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक गोठ्यांत अजून भिंतीला टेकून उभा आहे. तो म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू.

आधी एक फरक सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. इथून जवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या बाजूने नदीकाठी उभं राहिलं की वरच्या अंगाला दोन नद्या दिसतात, खालच्या अंगाला एक. तिथून नरसोबाच्या वाडीकडे जाणाऱ्या पाण्याला कुणी वारणा म्हणत नाही. संगम या शब्दात ‘गम्’ म्हणजे जाणं हा धातू आहे. एकत्र जाणं, मिळून जाणं. त्यात एकाचं नाव संपतं. आता बैलजोडी घ्या. सर्जा सर्जाच राहतो, राजा राजाच राहतो. एकाचा चारा दुसऱ्याच्या पोटात जात नाही, एकाचं दुखणं दुसऱ्याला होत नाही. पण औत ओढायचं तर दोघांनी एका जुवाखाली एका चालीनं चालायला हवं. दोघं दोघंच राहतात आणि त्यांच्याकडून काम मात्र एक होतं. हे जे जोडणं आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी ‘युज्’ म्हटलं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की या धातूतून निघालेल्या शब्दांत हा बैलांचा अर्थ आतून जिवंत आहे. योग, योग्य, युक्ती, उद्योग हे शब्द आपण पुस्तकी म्हणून वापरतो. त्यांच्या अंगाला अजून गोठ्याचा वास आहे.

जू कसं असतं ते इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको, पण शहरातली मुलंही बसली आहेत. हलक्या पण चिवट लाकडाचा एक आडवा दांडा. मध्यभागी तो गाडीच्या दांडीला किंवा नांगराच्या इसाडाला, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याला, दोरानं आवळतात. दोन्ही टोकांकडे भोकं पाडलेली असतात, त्यांत उभ्या खुंट्या बसतात, त्या शिवळा. दोन शिवळांच्या मध्ये बैलाची मान येते. मानेखालून पट्टा किंवा दोर घेऊन शिवळेला अडकवतात, ते जोतं. काही गावांत त्यालाच सापती म्हणतात. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारा शेतकरी या जुवाला ‘नोगा’ म्हणतो. बैल जू खेचत नाही, हे लक्षात ठेवा. तो वशिंडाच्या पुढच्या भागानं ते पुढे रेटतो. दुचाकी गाडीत तर सामानाच्या वजनाचा काही भाग सरळ मानेवर येतो, मग बैल चालत असो की उभा असो.

म्हणून आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला येतो, महाराष्ट्री बेंदूर आषाढात. घाटावरच्या आपल्या भागात पोळ्याचं जे महत्त्व इतर ठिकाणी, ते इथे बेंदराला. खांदेमळणीला बैलाला गरम पाण्यानं धुतात आणि जिथे जू बसतं तिथे, बरोबर त्याच जागी, हळद आणि तूप नाहीतर लोणी चोळतात. हात लावून बघा, वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या मानेवरची ती जागा कातड्याच्या चपलेसारखी निबर झालेली असते. कडेला कुठेतरी केस गेलेले असतात, एखाद्या ठिकाणी जुन्या जखमेचा वण असतो. घरातला कर्ता माणूस तिथे अंगठ्यानं हळद जिरवतो. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. युज् या धातूचा अर्थ ज्याला शिकायचा आहे त्यानं आधी तो खांदा बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता शब्दाकडे. संस्कृतात जू म्हणजे ‘युगम्’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १०१ व्या सूक्तात एक ओळ आहे: ‘सीरा युञ्जन्ति कवयो युगा वि तन्वते पृथक्’. सीर म्हणजे नांगर. जाणते लोक नांगर जुंपतात आणि जुवं वेगवेगळी पसरतात. एका ओळीत धातू पण आहे आणि नाम पण आहे: युञ्जन्ति आणि युगा. आणि कर्ता कोण? कवी. नांगर जुंपणाऱ्याला इथे कवी म्हटलं आहे. हे सूक्त यज्ञातल्या ऋत्विजांना कामाला लागा म्हणून सांगणारं आहे. त्यासाठी ते शेतातली उपमा देतं, नांगर, विहीर, दोर, मोट यांची नावं घेतं. ज्या माणसाला स्तोत्र रचणं हे जुंपण्यासारखं वाटलं, त्यानं जू जवळून बघितलेलं होतं.

शुल्बसूत्रांत यज्ञवेदीची मापं सांगताना रथाची मापं दिली आहेत. ईषा म्हणजे दांडी १८८ अंगुळं, आस १०४ अंगुळं, आणि युग म्हणजे जू ८६ अंगुळं. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर हे जू साडेपाच फुटांना थोडं कमी भरतं. युग हा शब्द मोजमापाचं एकक म्हणूनही वापरला जायचा. ज्या काळात फूटपट्टी नव्हती त्या काळात प्रत्येकाच्या ओळखीची, ठराविक लांबीची लाकडी वस्तू म्हणून जू हाताशी होतं.

हा शब्द एकट्या संस्कृताचा नाही. लॅटिनमध्ये जुवाला ‘युगुम’, ग्रीकमध्ये ‘झ्युगोन’, जर्मनमध्ये ‘योख’, लिथुआनियनमध्ये ‘युंगास’, रशियनमध्ये ‘ईगो’, फारसीत ‘यूघ’, इंग्रजीत ‘योक’. आजच्या तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर सापडलेल्या हित्ती भाषेत ‘युकान’. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतलं साम्य योगायोगानं आलेलं असू शकत नाही, त्या एका मुळातून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी ते मूळ धातूधातूनं शोधून काढलं. त्यात जुवाचा शब्द अगदी पहिल्या रांगेतला ठरला, कारण इतक्या भाषांत त्याचं रूप इतकं कमी बदललं आहे. त्यावरून त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली: ज्या समाजाची ती मूळ भाषा होती, त्या समाजाला जनावरं जोडीनं जुंपता येत होती.

तुम्ही मी म्हणू, लॅटिनशी आपला काय संबंध? तर मिरज जंक्शनवर उतरल्यावर पाटी वाचा. लॅटिन ‘युंगेरे’ म्हणजे जोडणे, जुंपणे. त्यातून ‘जंक्शन’ आला, त्यातूनच ‘जॉइन’ आणि ‘जॉइंट’. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चार दिशांचे लोहमार्ग जिथे एकमेकांना जोडले जातात त्या ठिकाणच्या पाटीवर आपल्या जुवाचाच चुलतभाऊ लिहिलेला आहे. विज्ञान शाखेतल्या मुलांनी ‘झायगोट’ शिकलेला असतो, दोन पेशी जुळून झालेली पहिली पेशी. तो ग्रीक झ्युगोनचा. आणि दवाखान्यात मानेतल्या ज्या शिरेला ‘ज्युग्युलर’ म्हणतात, तिच्या नावाच्या मुळाशीही तेच लॅटिन जू आहे.

संस्कृत युगाचं मराठीत जू कसं झालं, हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आपण महाराष्ट्री प्राकृताचे वारसदार. त्या प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीचा य ज होतो. यात्रा, जत्रा. यव, जव. योगी, जोगी. दुसरं, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ग गळून जातो. नगर या शब्दाचं णअर होतं आणि पुढे पारनेर, संगमनेर यांतलं नेर होतं. हे दोन नियम युगाला लावा. युग, जुअ, जू. तिसरी पायरी लागतच नाही. युगल या शब्दाला लावा. युगल, जुअल, आणि मग आपलं जुळं. जुळी भावंडं म्हणताना आपण युगल हाच शब्द उच्चारतो, फक्त दोन हजार वर्षांची वाटचाल झालेला. कार्यक्रमपत्रिकेत ‘जुगलबंदी’ छापतात त्यातलं जुगलही तेच, ते उत्तरेच्या वाटेनं आपल्याकडे आलं म्हणून त्यातला ग टिकला.

जोडाक्षरांचंही तसंच. प्राकृताला क्त, प्त असली जोडाक्षरं मानवत नाहीत. भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न, त्याचं भत्त झालं आणि आपल्या ताटात भात आला. सप्तचं सत्त, सात. त्याच रस्त्यानं संस्कृत ‘योक्त्र’, म्हणजे बैलाला जुवाशी बांधायचा पट्टा, जोत्त झाला आणि जोत, जोतं झाला. म्हणजे जू आणि जोतं या दोन वस्तू गोठ्यात एकमेकांना बांधलेल्या, आणि व्याकरणातही सख्ख्या बहिणी. शेतकरी ‘जोत सोडलं’ म्हणतो तेव्हा दुपार झालेली असते. तिथे जोत म्हणजे पट्टा, बैल, औत आणि माणूस मिळून जे काही चाललेलं असतं ते सगळं.

‘जुंपणे’ कुठून आला? युज् मध्ये प कुठेच नाही. इथे हेमचंद्राला शरण जावं लागतं. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या या जैन आचार्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र आहे: ‘युजो जुञ्ज-जुज्ज-जुप्पाः’. युज् च्या जागी प्राकृतात जुंज, जुज्ज आणि जुप्प अशी तीन रूपं येतात. तिसरं बघा, जुप्प. त्याला मध्ये अनुस्वार लागला की आपलं जुंपणे. ‘दोघांची चांगलीच जुंपली’ असं आपण भांडणाबद्दल म्हणतो, ‘पोरगं कामाला जुंपलं’ असं म्हणतो. आठशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणातलं रूप आपल्या रोजच्या तोंडात आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. तो दर्जा ताम्रपटांत आणि शिलालेखांत आहे, तसा तो जुंपणे या क्रियापदातही आहे, आणि ते क्रियापद वापरणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणत आलो याचं मला फार वाईट वाटतं.

आता ‘योग्य’. हा शब्द सरकारी कागदांवर रोज दिसतो. पात्र, लायक, उचित. वेदांच्या भाषेत योग्य म्हणजे जुंपण्यालायक, आणि नाम म्हणून वापरला तर जुंपायचं जनावर. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत किंवा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, तिथे योग्य या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांनी बघायला मिळतो. गिऱ्हाईक आधी खोंडाचं तोंड उघडून दात बघतं. दुधाचे दात असतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही पक्के दात आले की म्हणतात, बैल जुळला. मग त्याला चालवून बघतात. खूर कसा पडतो, मान कुठे धरतो, बाजूच्या बैलाबरोबर उंची जमते का. एक बैल कितीही देखणा असला तरी जोडीला जोड मिळाली नाही तर त्याची किंमत उतरते. ‘योग्य’ ठरायला दुसरा लागतो, हे तिथे कळतं. हाच योग्य प्राकृतात जोग्ग होऊन आपल्याकडे ‘जोगा’ झाला. खाण्याजोगं, बघण्याजोगं, नांगराजोगा बैल. शब्दाच्या शेपटाला लागून तो इतका रुळला आहे की तो स्वतंत्र शब्द होता हे आपण विसरून गेलो.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. आजच्या विषयाचं नाव जोडी, आणि ‘जोडणे’ हा शब्द या घराण्यात थेट बसत नाही. युज् मधला ज प्राकृतात ड होतो, असा नियम कुठेही नाही. मग ड कुठून आला? पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, ‘जुड बन्धने’ असा एक वेगळा धातू आहे, जुड् म्हणजे बांधणे. जोडणे, जोड, जोडी, जोडा, जोडपं, जोडवी ही सगळी मंडळी त्याच्याकडे जातात. पण धातुपाठात असे कित्येक धातू आहेत जे जुन्या ग्रंथांत वापरलेले फारसे दिसत नाहीत. ते लोकांच्या बोलीतून वर गेले असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं. म्हणजे जोडणे हा युज् चा पोटचा मुलगा नाही. शेजारच्या घरातून आलेला, पण एकाच अंगणात वाढलेला. अर्थानं दोघे इतके जवळ आले की आज त्यांना वेगळं करणं अवघड आहे.

किती जवळ, याचा एक दाखला देतो. तुकोबांचा चरण सगळ्यांना पाठ आहे: ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’. इथे जोडणे म्हणजे मिळवणे, कमावणे. ‘त्यानं चार पैसे जोडले’, ‘माणसं जोडली’. आता गीतेच्या नवव्या अध्यायातलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ घ्या. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली हे शब्द असतात, त्यामुळे ते घराघरांत पोचले आहेत. शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं, असा अर्थ दिला. तुकोबांचं जोडणं आणि शंकराचार्यांचा योग एकाच ठिकाणी येऊन पोचले.

पण योगक्षेमाच्याही मागे आणखी जुना अर्थ आहे. वेदकाळात योग म्हणजे गाड्या जुंपून निघण्याची वेळ, नव्या कुरणाकडे, नव्या पाण्याकडे. क्षेम म्हणजे मुक्काम, जुवं उतरवून वस्ती करणं. त्या लोकांचं वर्ष या दोन भागांत विभागलेलं होतं. निघणं आणि थांबणं. आणि ‘वहामि’ हे क्रियापद बघा, वाहून नेणं. वाहन त्यातूनच. म्हणजे त्या अर्ध्या ओळीतले तीनपैकी दोन शब्द बैलगाडीचे आहेत. आटपाडी, माण, खटावच्या बाजूनं दुष्काळात जनावरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघालेल्या माणसाला योगक्षेम शब्दाचा हा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

योगासनांचा योग याच धातूचा का, असा प्रश्न नेहमी विचारतात. इथे व्याकरणकार सावध आहेत. धातुपाठात युज् एकापेक्षा जास्त वेळा येतो. ‘युजिर् योगे’ म्हणजे जोडणे, तो रुधादि गणातला. ‘युज समाधौ’ म्हणजे चित्त स्थिर करणे, तो दिवादि गणातला. पतंजलीच्या पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य सांगतं, ‘योगः समाधिः’, आणि वाचस्पति मिश्र स्पष्ट करतात की इथे समाधीवाला युज् घ्यायचा, जोडण्यावाला नाही. तेव्हा ‘योग म्हणजे आत्मा आणि परमात्मा यांचं जोडणं’ हे वाक्य पातंजल योगाबद्दल सरसकट वापरलं जातं तिथे जरा थांबलं पाहिजे. तरीही भाषेचा अभ्यासक म्हणून मला वाटतं की हे दोन युज् मुळात एकच. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे आणि इंद्रियांना घोडे. ज्याचं मन ‘अयुक्त’ त्याची इंद्रियं सारथ्याच्या दुष्ट घोड्यांसारखी, ज्याचं मन ‘युक्त’ त्याची चांगल्या घोड्यांसारखी. युक्त म्हणजे जुंपलेलं आणि युक्त म्हणजे स्थिर, हे दोन अर्थ तिथे एकाच श्लोकात नांदतात. जुंपलेला बैल नीट उभा राहतो, मोकाट बैल हुंदडतो. चित्ताबद्दल बोलायला यापेक्षा जवळची भाषा त्यांच्याकडे नव्हती.

पंचांगातला योग मात्र साधी बेरीज आहे. सूर्य आणि चंद्र यांचे भोगांश, म्हणजे राशिचक्रातलं त्यांचं स्थान अंशांत, मिळवायचे आणि १३ अंश २० कलांनी भागायचे, विष्कंभापासून वैधृतीपर्यंत २७ योग मिळतात. गणितात युग्म म्हणजे सम संख्या, दोनदोनच्या जोड्या पडणारी. एवढं सांगून पुढे जातो.

युग म्हणजे कालखंड हा अर्थ कसा आला यावर मतं वेगवेगळी आहेत. ऋग्वेदात ‘मानुषा युगानि’ म्हणजे माणसांच्या पिढ्या. एका जुवाखाली एका वेळी चालणारी माणसं म्हणजे एक पिढी, असं मी समजतो. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावं तर फाशांच्या दानांची. युगंधर हा शब्द आपण युगाला धारण करणारा अशा भव्य अर्थानं वापरतो. अमरकोशात मात्र ‘कूबरस्तु युगन्धरः’ असं आहे, गाडीचा तो दांडा ज्याला जू बांधतात. धुरंधरचंही तेच. धुर म्हणजे दांडीचा पुढचा भाग, तो खांद्यावर घेणारा बैल धुरंधर. ‘संसाराची धुरा’ हे आपण लग्नाच्या भाषणात म्हणतो, तेव्हा गोठ्याच्या दारातच उभे असतो.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपस्तंब गृह्यसूत्रात विवाहाच्या वेळी वधूच्या डोक्यावर दर्भाचं वेढं ठेवून त्यावर जुवाचं उजवीकडचं भोक धरायचं, त्यात सोनं ठेवायचं आणि वरून पाणी घालायचं, असा विधी आहे. त्यामागे ऋग्वेदातली अपालेची ऋचा आहे, ‘खे रथस्य खेऽनसः खे युगस्य’, म्हणजे रथाच्या, गाडीच्या आणि जुवाच्या भोकात. लॅटिनमध्येही नवऱ्याला किंवा बायकोला ‘कॉन्युंक्स’ म्हणत, एकत्र जुंपलेला. दोन दूरच्या समाजांना संसाराबद्दल बोलताना एकच वस्तू आठवली.

आणि ही गोष्ट जुनी झालेली नाही. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात. मुकादम माणसं मोजताना म्हणतो, किती कोयते? एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दोघांना मिळून एक उचल. एकटा आला तर तो अर्धा कोयता. जोडप्याला इथे जोडपंही म्हणत नाहीत, एका अवजाराचं नाव देतात. कोयता पुरा व्हावा म्हणून कमी वयात मुलींची लग्नं लावली जातात, हे आता लपून राहिलेलं नाही. युज् या धातूत दोघंही माणसं म्हणून शाबूत राहतात असं मी सुरुवातीला म्हटलं. जिथे दोघांना मिळून एक आकडा केला जातो तिथे ती जोड उरत नाही, आणि हे भाषेच्या अभ्यासकानंही मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

जुवाची ही काळी बाजू ‘जोखड’ या शब्दात आहे. गुलामीचं जोखड, परकीय सत्तेचं जोखड. येडेमच्छिंद्र आणि कुंडलच्या परिसरात प्रतिसरकारच्या काळात हा शब्द सभांमधून किती घुमला असेल याची कल्पना करता येते. रोमन लोकांत हरलेल्या सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावत. इसवी सनापूर्वी ३२१ साली सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमन सैन्यावर तीच वेळ आणली. इंग्रजीत जिंकून अंकित करणं यासाठी जो ‘सब्जुगेट’ शब्द आहे तो तिथला, जुवाखाली घालणे. पण लक्षात घ्या, बैलाच्या मानेवरच्या वस्तूला शेतकरी जोखड क्वचितच म्हणतो. त्याच्यासाठी ते जू. दसऱ्याला तो त्याला हळदकुंकू लावतो.

ज्यांनी ते ओझं हलकं करायचा प्रयत्न केला त्यांचं नाव घ्यायला हवं. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ऊस वाहणाऱ्या बैलगाडीच्या जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक आधाराचं फिरतं चाक बसवलं. दुचाकी गाडीचं जे वजन मानेवर येतं ते या चाकावर जातं. युज् धातूच्या तीन-चार हजार वर्षांच्या इतिहासात बैलाच्या बाजूनं झालेला असा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मिरजेचा उल्लेख अजून एकदा करतो. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, शेवटची खर्जाची आणि मधल्या दोन षड्जाच्या. या मधल्या दोघींना म्हणतात जोडी. मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या दुकानात बसून कुणी तंबोरा लावत असेल तर बघा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत जवारी काढतात, आणि जोडीच्या दोन तारा एका स्वरात आणतात. आल्या की दोन तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत. पण त्यातली एक बोटानं दाबली की नाद लगेच पोकळ होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिरांच्या तोंडी जोडी हा शब्द दिवसातून किती वेळा येत असेल! सतारीतल्या आलापानंतरच्या भागालाही जोड म्हणतात. जोडीचा हा अर्थ बैलांच्या जोडीपासून मुळीच दूर नाही. दोन तारा आहेत, दोन्ही शाबूत आहेत, काम एक आहे.

जाता जाता एक मागणं आहे. जू आणि त्याच्या भागांची नावं गावागणिक बदलतात. जोतं, सापती, जुंपणी यांतला कुठला शब्द तुमच्या गावात चालतो? जू दांडीला आवळायच्या दोराला काय म्हणतात? डावीकडच्या आणि उजवीकडच्या बैलाला वेगळी हाक आहे का? वाळव्यात एक, जतेत दुसरं, कऱ्हाड-पाटणला तिसरं, असं असणार. ट्रॅक्टर आले तसे हे शब्द वापरणारी माणसं साठीच्या पुढे गेली आहेत. दाराशी एक वही ठेवली आहे. आपलं गाव, तालुका आणि वस्तूचं नाव एवढंच लिहा, आणि घरी जुनं जू असेल तर त्याची लांबी टेपनं मोजून तीही लिहा. शुल्बसूत्रातल्या ८६ अंगुळांशी ती ताडून बघायची मला फार इच्छा आहे.